पुढचं वाक्य

लतिका रामटेके आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा शिकवते असं जबलपुरात कोणी सांगितलं, की ऐकणारा हमखास विचारायचा, "मतलब, कस्टम में हैं?" समजावून समजावून ती थकली होती. शेवटी तिने एक सोपं उत्तर ठरवून टाकलं. देशादेशांत माल जातो-येतो, त्याचे नियम असतात, ते मी शिकवते. आणि त्या नियमांचे शेजारी कोण, ते शोधते. व्यापाराचा कायदा एका घरात राहतो, पर्यावरणाचा दुसऱ्या, कामगाराच्या आरोग्याचा तिसऱ्या. भिंती मात्र सामाईक. एकाने खिळा ठोकला की दुसऱ्याकडे पोपडे पडतात. तिचे सगळे शोधनिबंध त्या पोपड्यांबद्दल होते. परिषदांमध्ये लोक माना डोलवायचे, पण घरी तिचे वडील देवीदास सोडले तर त्यात कोणाला फारशी गोडी नव्हती.

देवीदासांचं इंग्रजी बेताचंच. भंडाऱ्याकडचं गाव सोडून ते तरुणपणी इथल्या तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्यात लागले, लेथवर उभं राहून निवृत्त झाले आणि चेरीतालमधलं दोन खोल्यांचं घर वाढवत वाढवत दुमजली केलं. लेकीचा लेख छापून आला की तो अंक ते कपाटात जपून ठेवायचे आणि आल्यागेल्याला बाहेर काढून दाखवायचे. पाहुणा बिचारा चार पानं उलटायचा, तळटिपांची गर्दी बघून दबकायचा आणि "वा, वा" म्हणून चहाकडे वळायचा. देवीदासांना तेवढं पुरत असे.

देवीदासांचा भाचा मुरलीधर, म्हणजे लतिकाचा आतेभाऊ, भेडाघाटला संगमरवरात मूर्ती कोरायचा. कारखान्यातल्या नोकरीसाठी त्यानेही अर्ज केला होता, पण ती काही लागली नाही. मग छिन्नी धरली आणि त्यात नाव काढलं. बुद्धाच्या मूर्तीचे मिटलेले डोळे त्याच्यासारखे कोणाला जमत नाहीत असं नर्मदेच्या दोन्ही काठांवरचे लोक म्हणायचे. तो काम करायचा भय्यासाहेब नावाच्या मालकाच्या कारखान्यात. तिथल्या मूर्ती परदेशात जात. लतिकाला डॉक्टरेट मिळाली तेव्हा मुरलीधरने पांढऱ्या दगडात तिच्या नावाची पाटी कोरून आणली होती आणि स्वतःच्या हाताने दाराशी बसवली होती.

सगळं सुरू झालं ते युरोपातल्या एका देशाने नवीन नियमाचा मसुदा काढला तेव्हा. दगडी वस्तू आमच्याकडे पाठवायच्या असतील तर दगड पाण्याच्या धारेखाली ओला करून कापलेला हवा. कोरड्या कापणीत जी भुकटी उडते ती कामगारांच्या छातीत जाते, तसला माल आम्ही घेणार नाही, असा तो मसुदा होता. निर्यातदार खवळले. लतिकाही खवळली, आणि तिचा राग खोटा नव्हता. श्रीमंत देशांनी आपला बाजार राखायचा आणि वर त्याला दयेचं नाव द्यायचं, हे तिने आजवर पुष्कळदा पाहिलं होतं. सीमेवर वस्तू बघा, ती कशी बनली ते बघू नका, नाहीतर गरीब देशाच्या मालाला रोज नवी खोड काढता येईल, असा मुद्दा घेऊन तिने लेख लिहिला. त्यात तिने झोकात एक वाक्य टाकलं होतं: मूर्ती ओली कापली काय, कोरडी कापली काय, बुद्ध तोच. त्या वाक्यावर ती स्वतःच चार दिवस खूश होती.

शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांत लेख आधी एका परीक्षकाकडे जातो. लेख कोणाचा हे त्याला माहीत नसतं आणि तो कोण हे लेखकाला. कोण कुठला, पण त्या परीक्षकाने नेमकं बोट ठेवलं. लेख उत्तम आहे, त्याने लिहिलं, पण लेखक कारागिरांच्या वतीने बोलतो आणि कारागीर मात्र लेखात कुठे बोलत नाही. त्याचं म्हणणं मिळवता आलं तर बरं. लतिका कपाळाला आठ्या घालून बसली, आणि मग हसली. बाकीच्यांना कारागीर शोधत फिरावं लागलं असतं, तिच्या तर घरातच होता.

ती भेडाघाटला गेली तेव्हा मुरलीधर यंत्रावर दगड कापत होता. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्या, डोक्यावरचे केस पांढरे. चाळिशीतला माणूस सत्तरीचा दिसत होता. तिला बघून त्याने यंत्र बंद केलं, अंग झटकलं आणि हसला तेव्हा दात तेवढे पिवळे दिसले.

"जय भीम, बाई. काहून आली उन्हातान्हाची?"

तिने सांगितलं. परदेशातून अटी येणार आहेत, तुझं काय म्हणणं आहे, तुझं बोलणं मी माझ्या लेखात घालणार आहे. मुरलीधर सावरून बसला. आपलं बोलणं छापून येणार म्हटल्यावर त्याने जरा विचार केला आणि सावकाश, एकेक शब्द तोलून बोलला.

"लिही. आमाले बाहेरच्या कोनाच्या अटी नाही पाह्यजे. काम कसं करायचं ते आमच्या हाताले माहीत आहे." मग तो थांबला. लतिकाचं पेन थांबलं नव्हतं. "पन दगड कापताना पान्याचा पाइप पाह्यजे. छातीत जाते ना भुकटी. मालकाले सांगून थकलो आम्ही. तू लिहून दे बाई, तुझं लिहिलेलं मोठे मोठे लोक वाचतात."

"लिहिते ना," लतिका म्हणाली. लिहूनही घेतलं. त्याने तिला जबरदस्तीने भजी खाऊ घातली आणि तिठ्यापर्यंत सोडायला आला.

लेखात मात्र पहिली दोनच वाक्यं छापली गेली. पुढच्यांच्या जागी तीन टिंबं आली. लेख लिहिणाऱ्यांच्या जगात ही अगदी सभ्य सोय आहे. बोलणं लांबलं की टिंबं देऊन कापायचं, कोणी त्याला चोरी म्हणत नाही. लतिकाने स्वतःला कारणंही दिली. शब्दमर्यादा होती. पाण्याचा पाइप हा आपल्या इथल्या कामगार कायद्याचा प्रश्न, व्यापार कायद्याचा नव्हे. त्याच्यावर वेगळा लेख लिहू, सविस्तर, त्याला न्याय मिळेल असा. ही सगळी कारणं खरी होती आणि खरं कारण त्यांत नव्हतं. खरं कारण एवढंच, की मुरलीधरचं पुढचं वाक्य ठेवलं तर तिचा लेख लंगडा झाला असता. मसुदा काढणारे परदेशी लोक नेमका तोच पाइप मागत होते. आयुष्यभर सामाईक भिंतींबद्दल लिहिणाऱ्या बाईने आपल्या घरातल्या भिंतीवरून गुपचूप चुना फिरवला.

लेख गाजला. निर्यातदारांच्या संघटनेने सरकारला निवेदन दिलं त्यात तिचा उतारा घातला: कारागीर स्वतः म्हणतो, आम्हाला बाहेरच्या अटी नकोत. संघटनेत भय्यासाहेब होतेच. सरकारने ते म्हणणं पुढे नेलं, इकडून तिकडून दबाव आला आणि त्या देशाने मसुदा मागे घेतला. एका लेखाने असं काही होत नसतं, हे लतिकाला चांगलं कळत होतं. पण कॉलेजात तिचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं, तेव्हा हे काही तिने माइकवर सांगितलं नाही. भय्यासाहेबांनी खास पेढे पाठवले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते, हसून बोलायचे, कारागिरांच्या पोरींच्या लग्नाला जातीने हजर राहायचे. पेढे देवीदासांनी चेरीतालभर वाटले.

वेगळा लेख लिहायचा राहून गेला. आधी परीक्षा आल्या, मग एक परिषद आली, मग विषय शिळा झाला.

त्या हिवाळ्यात मुरलीधरला खोकला धरला. आधी घरगुती काढे झाले, मग गावातला डॉक्टर. शेवटी त्याची बायको कलावती त्याला घेऊन जबलपूरला आली. मोठ्या दवाखान्यात बोलायला लतिका बरोबर हवीच होती. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरून बघितला, मुरलीधरच्या हातांकडे बघितलं आणि काम कोणतं करता ते विचारलं. मग म्हणाले, "पत्थर काटते समय पानी नहीं डालते क्या?"

"पाइप नाही आहे, साहेब," मुरलीधर म्हणाला. डॉक्टरांना मराठी कळत नसावं, म्हणून त्याने पुन्हा हिंदीत सांगितलं. लतिका जमिनीवरच्या फरशा बघत राहिली. डॉक्टर सांगत होते, बसलेली भुकटी काही निघणार नाही, आणखी जाऊ देऊ नका एवढंच आपल्या हातात आहे. तिला वाटलं, आत्ता सांगावं. मग वाटलं, दवाखान्यात कशाला, घरी गेल्यावर. घरी गेल्यावर वाटलं, आजारी माणसाला कशाला.

ती त्या दिवसापासून धड झोपली नाही. वर्गात मुलांना उतारे कसे घ्यावेत ते शिकवताना जीभ अडखळायची. दाराशी स्वतःच्या नावाची पाटी दिसे, म्हणून ती मागच्या दाराने ये-जा करू लागली. देवीदासांनी विचारलं तर म्हणाली, इकडून रिक्षा लवकर मिळते.

महिन्याभराने एका रविवारी मुरलीधर आणि कलावती पुन्हा तपासणीला म्हणून आले आणि चेरीतालला जेवायला थांबले. फोटोत फरक काहीच नव्हता. पण मुरलीधर खुशीत होता. जेवण झालं, कलावतीने सुपारी कातरायला घेतली, आणि तो देवीदासांना म्हणाला, "मामा, बाईचं ते पुस्तक काढा ना, माझं बोलनं ज्याच्यात आलं ते. मले ऐकायचं आहे. मराठीत सांगू दे तिले."

देवीदास तर असल्या दिवसाचीच वाट बघत होते. त्यांनी कपाटातून अंक काढला, पान उघडून लतिकाच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः खुर्ची जवळ ओढली. "वाच बाई. सावकाश वाच. त्याले समजलं पाह्यजे."

"पूर्ण वाच," मुरलीधर म्हणाला.

लतिकाने वाचायला सुरुवात केली. इंग्रजीतलं एकेक वाक्य मनात फिरवून मराठीत सांगत गेली. देशांचे नियम, सीमेवरची तपासणी, गरीब देशाची बाजू. मुरलीधर हनुवटीला हात लावून ऐकत होता. "बुद्ध तोच" या वाक्याला देवीदासांनी दाद दिली आणि मुरलीधरनेही मान हलवली, पण जरा उशिरा. मग ती त्याच्या उताऱ्यापाशी आली.

"भेडाघाटचा एक अनुभवी मूर्तिकार म्हणतो," तिने वाचलं, "आम्हाला बाहेरच्या कोणाच्या अटी नकोत. काम कसं करायचं ते आमच्या हातांना माहीत आहे."

आणि तीन टिंबं. तिने वर बघितलं. तिघांचे डोळे तिच्यावर होते, आणि मुरलीधरचे ओठ हलत होते, पुढचं वाक्य तो आधीच मनात म्हणत होता. तिला त्याचा तो चेहरा सोसला नाही. पानाकडे बघत, वाचण्याच्याच आवाजात ती म्हणाली, "पण दगड कापताना पाण्याचा पाइप पाहिजे. छातीत भुकटी जाते. मालकाला सांगून आम्ही थकलो आहोत."

"हां," मुरलीधर म्हणाला. त्याने मांडीवर हात आपटला आणि कलावतीकडे वळला. "पाहा. म्हटलं होतं ना मी तुले?"

कलावतीने अडकित्ता खाली ठेवला. "माझा तं जीवच टांगला होता, दीदी," ती लतिकाला म्हणाली. "हे मालकासंगं भांडून आले ना."

"भांडलो काहून म्हणतं? बोललो." मुरलीधरला धाप लागली तरी त्याचा चेहरा उजळला होता. "डॉक्टरानं सांगितलं म्हणून मी पाइप मागाले गेल्तो, बाई. त भय्यासाहेब म्हणते, आपकी दीदी ने तो खुद लिखा है, कारीगर को कोई शर्त नहीं चाहिए. आप ही का बोला हुआ है. सगळ्या कारागिरांसमोर म्हणते. मी म्हटलं, मालिक, आप आधा बता रहे हैं. ते म्हणते, जितना छपा है उतना बता रहा हूँ. मग मले राग आला. मी म्हटलं, झूठ बोलते हैं आप. माझी बहीण अर्धं लिहिणारी नाही आहे."

देवीदास हसले. "बरोबर बोलला."

"त ते म्हणते, ले आओ किताब. लिहिलं असन त मी माझ्या हातानं पाइप जोडतो, सगळ्यांसमोर. शब्द दिला त्याहीनं, आणि शब्दाचा पक्का आहे तो माणूस. म्हणून म्हटलं, आधी ऐकून घ्यावं." त्याने हात पुढे केला. "दे ते पान, बाई. उद्या घेऊन जातो. त्याच्या मुलाले इंग्लिश येते, तो वाचन."

लतिकाने अंक दिला नाही. दोन्ही हात त्याच्यावर ठेवून बसून राहिली. तिच्या मनात त्या क्षणीही पळवाटा येत होत्या, आणि त्यांची तिला शिसारी आली: अंक मला लागतो म्हणावं, झेरॉक्स करून पाठवते म्हणावं, दोन-चार दिवस काढावेत. भय्यासाहेबांना परस्पर फोन करून पाइपाचं बघावं. पण मुरलीधरचा हात तसाच पुढे होता. त्या हाताच्या रेषांत अजून पांढरं होतं, दवाखान्यासाठी साबणाने घासूनही न गेलेलं.

"दादा, ते यात नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"पाइपाचं. मी आत्ता वाचलं ते माझ्या मनाने वाचलं. छापलेलं नाही ते. मी घातलंच नव्हतं. दोन वाक्यं घेतली आणि पुढचं कापलं."

मुरलीधरने हात हळूहळू मागे घेतला. त्याला नीट कळलं नसावं असं वाटून लतिका पुन्हा सांगायला लागली, तर त्याने मानेनेच थांबवलं. त्याला कळलं होतं.

"काहून, बाई?" विचारलं ते देवीदासांनी.

लतिकाने आजवर भल्याभल्यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली होती. शब्दमर्यादा, वेगळा कायदा, वेगळा लेख. सगळं जिभेवर येऊन गेलं. "माझा मुद्दा बिघडत होता, बाबा," ती म्हणाली.

देवीदास उठले आणि आतल्या खोलीत गेले. लतिकाला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"मी दुरुस्ती छापायला लावते," ती मुरलीधरला म्हणाली. "त्यांना कळवते की तुझं बोलणं अर्धंच आलं. पूर्ण छापतील ते."

"मग पाइप येइन?"

तिने मांडीवरचा अंक मिटला. मसुदा मागे गेला होता, तो काही तिच्या दुरुस्तीने परत येणार नव्हता. तिच्याएवढं ते कोणालाच पक्कं ठाऊक नव्हतं.

कलावतीने कातरलेली सुपारी तशीच ताटलीत ठेवली, पदर सारखा केला आणि दवाखान्याची पिशवी उचलली. ती लतिकाकडे बघत नव्हती. मुरलीधर भिंतीचा आधार घेऊन उठला, थोडा खोकला, आणि दाराशी जाऊन चपला शोधू लागला. लतिका त्याच्या मागोमाग गेली.

"आता उद्या मले माफी मागा लागन," तो चपलांकडे बघत म्हणाला. "चारचौघांत खोटारडा म्हटलं मी मालकाले. मालक त खरंच बोलला होता."

"दादा, मी येते ना तुझ्यासोबत. भय्यासाहेबांची माफी मी मागते. चूक माझी आहे."

मुरलीधरने चपला पायांत सरकवल्या. मग तिच्याकडे बघून, रागाने नव्हे, लहान बहिणीला समजावून सांगावं तसं म्हणाला, "तुले कायले मागा लागते, बाई? तुझ्यावर त तो खूशच आहे."